टोपलीची दोन चित्रं

"यातल्या कुठल्या पाकिटात माझी मोराची चादर आहे, ते सांग की," मल्लय्या मास्तर म्हणाले, आणि नकाशावर गाव शोधावं तसं त्यांचं बोट कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या पिवळ्या फोल्डरांवरून फिरू लागलं.

"बोट लावू नका मास्तर, डाग पडतात," मी म्हटलं. "खाली नाव लिहिलंय बघा प्रत्येकाच्या."

म्हटलं आणि जीभ चावली. नावं इंग्रजीत होती. मास्तर घरी तेलुगू बोलत, कारखान्यात मराठी, आणि भांडण निघालं की कानडी; पण इंग्रजीच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. मराठी अक्षरं त्या मशीनवर कशी उमटवायची हे मला ठाऊक नव्हतं. तसं कबूल करायची माझी तयारीही नव्हती.

मास्तर उठले, म्हणाले, "चल खाली," आणि लोखंडी जिना उतरून मला गोदामात घेऊन गेले. तिथे भिंतीला लागून चादरींची गाठोडी छपरापर्यंत रचलेली होती. प्रत्येक गाठोड्याच्या गाठीला आतल्या मालाची हातभर चिंधी बांधलेली. मोराच्या गाठोड्याला मोराची, कमळाच्या गाठोड्याला कमळाची.

"गाठोडं न सोडता आतलं कळलं पाहिजे," मास्तर म्हणाले. "तुझ्या मशीनला एवढं पण येत नाही?"

मला राग आला. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, आणि हा म्हातारा मला गाठोडी दाखवत होता.

ही वीस-एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते आणि बार्शीहून सोलापूरला येऊन मला सव्वा महिना झाला होता. आले होते म्हणण्यापेक्षा निघून आले होते म्हणावं. आमच्या आण्णांनी मामाच्या मुलाशी माझं जमवलं होतं. सुपारी फोडायला माणसं बसलेली असताना मी आतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर नाही म्हणाले. तेव्हापासून आण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नोकरीला निघाले त्या दिवशी ते पेपर उघडून बसले होते. मी पाया पडले तर पाय मागे घेतले नाहीत, आणि पेपरही खाली केला नाही. दर रविवारी मी बूथवरून फोन करायची. आई दबक्या आवाजात बरी आहेस ना म्हणायची, आणि मी बरी आहे म्हणेपर्यंत ठेवून द्यायची.

वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघी रात्रपाळीच्या नर्स. मी उठायची तेव्हा त्या झोपायला येत. महिनाभरात आमचं बोलणं झालं ते नळाला पाणी आहे का, एवढंच. कधी कधी तर दिवसभरात आपण तोंड उघडलंय की नाही, हे रात्री मला आठवून बघावं लागायचं. कारखान्यातही वेगळं नव्हतं. खाली मागांचा खडखडाट असा की माणसं खुणांनीच बोलायची, आणि वरच्या खोलीत मी, मशीन, आणि हे मास्तर.

मल्लय्या मास्तर म्हणजे ग्राफवाले. चादरीवर जो मोर दिसतो, तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावा लागतो. त्यावरून शरणप्पा पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचा, आणि ती कार्डं मागावर चढली की मोर विणला जायचा. पस्तीस वर्षं ते मोर मास्तरांनी काढले होते. आता दामोदरमालकांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि ते सगळे ग्राफ त्यात भरायचे होते. जुन्या कागदांवरचे रंग विटलेले, कडा कुरतडलेल्या. कुठलं घर लाल आणि कुठलं नुसतं मळलेलं, हे मास्तरांशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून ते माझ्या शेजारी बसून वाचत, "तीन पांढरी, दोन लाल, एक पांढरं, सात लाल," आणि मी भरत जायची.

मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठून सांगितलं होतं. एकूण चारशे बारा ग्राफ आहेत. सगळे आत गेले की मास्तरांना मोकळं करू, बिचाऱ्यांचे डोळेही आता थकलेत. संक्रांतीपर्यंत होईल ना? मी म्हटलं होतं, त्याच्या आधीच करून दाखवते. मोठा तोरा होता मला. तेव्हा मास्तर म्हणजे मला एक खोकणारा म्हातारा वाटत होता, दुसरं काही नाही.

तर गोदामातून वर आले ती मी इरेलाच पेटले. एका मासिकाबरोबर आलेली सीडी माझ्याकडे होती, तिच्यात चिन्हं काढायचं छोटं सॉफ्टवेअर होतं. पिवळ्या पाकिटावरचं चित्र बदलता येतं हे मला माहीत होतं, केलं कधी नव्हतं. ते उघडलं तर पडद्यावर एक रिकामी चौकट आली. आडवी बत्तीस घरं, उभी बत्तीस घरं. एकेका घरात रंग भरायचा.

मास्तर खुर्चीतून पुढे झाले. चष्मा वर केला, खाली केला.

"हा तर ग्राफ," ते म्हणाले.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. दुसऱ्या दिवशी ते शाळेतल्या पोरांची गणिताची वही घेऊन आले, मोठ्या चौकटींची. कारखान्याच्या बारीक ग्राफवरची घरं त्यांना आता दिसत नव्हती, नुसतं धुकं दिसायचं; मला वाचून दाखवत ते बहुतेक आठवणीने. डोळे इतके गेलेत हे त्यांनी मालकांपासून लपवलं होतं. पण वहीतली घरं मोठी, आणि पडद्यावरची तर हवी तेवढी मोठी करता यायची. वहीत त्यांनी बत्तीस घरांचा मोर काढला होता. हजार घरं रुंद मोर बत्तीस घरांच्या रुंदीत बसवायचा म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कळावं लागतं. त्यांनी मान ठेवली, तुरा ठेवला, पिसाऱ्यातलं एकच पीस ठेवलं. मी तो घराघराने भरला, पाकिटावर बसवला, आणि पिवळं पाकीट जाऊन तिथे मोर आला. आता मास्तरांना मोराची चादर विचारावी लागली नाही. स्वतः माऊस धरून त्यांनी ती उघडली, मग मिटली, मग परत उघडली.

नंतर कमळ आलं, रुईफूल आलं, हत्ती आला. काम भराभर व्हायला लागलं. दुपारी आम्ही एकत्र जेवायला लागलो. माझा डबा खाणावळीचा, त्यात रोज तीच बटाट्याची भाजी. मास्तर झाकणावर शेंगाचटणी काढून माझ्याकडे सरकवत आणि विचारत, "काल रात्री जेवलीस का अम्मा?" त्यांच्यात लेकीला अम्मा म्हणतात. मला आधी हसू यायचं. मग एक दिवस ते तापाने आले नाहीत, आणि चार वाजता माझ्या लक्षात आलं की आज मला जेवलीस का म्हणून कुणी विचारलंच नाही. मी त्या खोलीत बसून रडले. मागांच्या आवाजात ऐकू कुणाला जाणार.

त्या दिवशी मी भिंतीवरचा झालेल्या ग्राफांचा तक्ता बघितला. दोनशे सत्तर झाले होते. उरले एकशे बेचाळीस. या वेगाने गेलो तर दिवाळीतच मास्तरांची खुर्ची रिकामी होणार होती. आणि ती मीच रिकामी करत होते, वर शाबासकीची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी मास्तर आल्यावर मी सांगितलं की आज ग्राफ नको, आज मशीनच्या स्वतःच्या पाकिटांना चित्रं करू. म्हणजे मशीनबरोबर जी आलेली असतात ती. कागदपत्रांचं, फोटोंचं, छपाईचं, मशीनचे कान पिळायचं, म्हणजे सेटिंगचं.

"त्यात काय आपल्या चादरी आहेत?" मास्तर म्हणाले.

"नाहीत."

"मग त्यांना चिंधी कशाला?"

"लागते," मी म्हटलं. "सगळ्यांनाच लागते."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग तक्त्याकडे बघितलं. चारशे बारा त्यांनाही मोजता येत होते. वही उघडून ते एवढंच म्हणाले, "मग सावकाश करू. घाईचं काम वाईट."

आणि आम्ही दोघं कामचुकार झालो. असा कामचुकारपणा मी पुन्हा कधी केला नाही, आणि इतकी मन लावून मेहनतही नाही. आख्ख्या कॉम्प्युटरच्या चित्रासाठी मास्तरांनी माग काढला. बिघाड-दुरुस्तीच्या खणासाठी तेलाची बुधली. छपाईसाठी शरणप्पाचं भोकं पाडायचं यंत्र. एकेका चित्राला आम्ही दोन-दोन दिवस लावले. बुधलीची चोच तीन वेळा बदलली. मालक वर आले की मास्तर पटकन एखादा ग्राफ उघडून वाचायला लागायचे, "पाच हिरवी, एक पांढरं," आणि मी तोंडावर ओढणी धरून हसू दाबायची. दिवाळी आली नि गेली. मी बार्शीला गेले नाही, बोलावलं नव्हतंच. पाडव्याला मास्तरांनी डब्यातून करंज्या आणल्या.

मग कचरापेटीची पाळी आली. पडद्याच्या कोपऱ्यात ती असतेच. नको ते तिच्यात टाकायचं. मी मास्तरांना सांगितलं, हिची दोन चित्रं लागतात, एक रिकामी असतानाचं आणि एक भरलेली असतानाचं. मशीन आपलं आपण बदलतं.

"कचरापेटी नको," मास्तर म्हणाले. "कारखान्यात कचरा नसतो."

मागांच्या शेजारी वेताची एक मोठी टोपली ठेवलेली असायची, ती मी बघितली होती. तुटलेलं सूत, रंगीत धाग्यांची टोकं, कांडीवर उरलेलं वीतभर, सगळं तिच्यात. मला वाटायचं, जाळायला नेत असतील. मास्तर म्हणाले, ते जाळत नाहीत. वर्षाकाठी त्यातून एक चादर निघते. ती विकायची नसते. कुणासाठी निघते, विचारलं तर म्हणाले, ज्याला लागेल त्याला. मग त्यांनी शरणप्पाची गंमत सांगितली. शरणप्पाने एकदा भांडणात ती टोपली लाथेने पालथी केली होती. सगळं सूत तेलात भिजून वाया गेलं. त्याला वाटलं, आता नोकरी गेली. पण कारखान्याचा नियम असा की ज्यानं ओतली त्यानं भरायची, आणि तो भरेपर्यंत मास्तरनं शेजारी बसायचं. पंधरा दिवस दोघं टोकं गोळा करत बसले होते. "त्या पंधरा दिवसांत तो जेवढं बोलला, तेवढं माझ्याशी कधी कुणी बोललं नाही," मास्तर म्हणाले आणि खोकेपर्यंत हसले. मीही हसले. ऐकलं आणि सोडून दिलं, बघा. शहाण्या माणसाचे कान असेच असतात.

त्यांनी टोपलीची दोन चित्रं काढली. रिकामी टोपली नुसती तपकिरी. भरलेल्या टोपलीतून सात रंगांची टोकं बाहेर आलेली. मी ती बसवली. मास्तरांनी लगेच एक बिनकामाचं काहीतरी माऊसने ओढून आत टाकलं, आणि रंगीत टोकं वर आली. त्यानंतर ती टोपली कायम भरलेलीच दिसायची. जुनं काय काय पडलं असेल म्हणून मी कधी उघडून बघितली नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मला जरा डुलकी यायची. मास्तर म्हणायचे, झोप की थोडी, मी माऊसचा हात बसवतो. टेबलावर डोकं टेकवून मी झोपायची आणि कानाशी त्यांचं टिकटिक चालू असायचं. कुणीतरी शेजारी जागं आहे म्हणून झोप लागते ना, तशी ती झोप होती. वसतिगृहात मला तशी कधी लागली नाही.

डिसेंबर संपत आला तेव्हा मालक वर आले. सोमवारी त्यांचा भाचा पुण्याहून येणार होता, कॉम्प्युटर शिकलेला. काम किती झालंय, मशीनमध्ये काय काय भरलंय, तो सगळं तपासणार होता. मालक जाता जाता म्हणाले, "मास्तर मशीनला हात लावतात म्हणे. काही बिघडवत नाहीत ना? तसं असलं तर संक्रांतीपर्यंत तरी कशाला थांबायचं." मी म्हटलं, छे छे, ते नुसते वाचून दाखवतात.

शनिवारी दुपारी मास्तर लवकर घरी गेले. भाच्याच्या डोळ्यांना खुपेल असं काही राहू नये म्हणून मी मशीन आवरायला बसले. आवरता आवरता टोपली उघडली. आत त्रेसष्ट फायली होत्या. नावं म्हणजे एकच अक्षर चार-पाच वेळा दाबलेलं. टोपलीत असताना फाईल उघडता येत नाही, म्हणून दोन ओढून बाहेर काढल्या. एकात मोराची मान होती, नुसती मान, खाली मोर नाही. दुसरीत कमळाच्या चार पाकळ्या, कडेला वेड्यावाकड्या कापलेल्या. मी घाईने मूळचा मोर जाऊन बघितला. तो जागेवर शाबूत होता, कमळही होतं. म्हणजे मी झोपलेली असताना मास्तर ग्राफ उघडून काहीतरी तोडाफोड करत होते, चुकत होते, आणि चुका टोपलीत लपवत होते. त्रेसष्ट वेळा.

उद्या-परवा भाचा ही टोपली उघडणार. मामाला सांगणार, बघा, तुमचा म्हातारा दिवसभर हे उद्योग करतो. आणि मास्तरांची खुर्ची संक्रांतीच्या आधीच जाणार.

बाहेर काढलेल्या दोन्ही मी परत आत टाकल्या आणि टोपली ओतायची आज्ञा दिली. मशीनने विचारलं, या त्रेसष्ट वस्तू कायमच्या घालवायच्या, नक्की ना? मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं, खरं सांगते. कुणासाठी तरी काहीतरी केल्यासारखं. सात रंगांची टोकं गेली आणि कोपऱ्यात तपकिरी रिकामी टोपली आली.

सोमवारी मास्तर आले, डबा खिळ्याला अडकवला, खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. मी ग्राफ उघडायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं.

"टोपली कोणी ओतली?"

आवाज चढलेला नव्हता. मला आज नीट आठवतो तो आवाज. कुणी पाहुणा आलाय का, असं विचारावं तसा होता. पण तेव्हा मला त्यात फक्त प्रश्न ऐकू आला. त्यांना काय सांगू? तुमच्या चुका मी पकडल्या म्हणू? साठी उलटलेल्या माणसाला, तुम्ही चोरून बिघडवता ते मला कळलंय, असं तोंडावर सांगू? मला ते धजेना.

"मशीननं," मी म्हटलं. "भरली की आपोआप ओतते ती."

"आपोआप?"

"हो."

"तू नाही ओतली?"

"नाही मास्तर. मी कशाला ओतू?"

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, जणू मी अजून काहीतरी बोलणार आहे. मी पडद्याकडे वळले. मग त्यांनी मान हलवली.

"मशीनला काय कळतं त्यात काय होतं ते," ते म्हणाले. "कोणी माणसानं ओतली असती तर वेगळं."

अकरा वाजता भाचा आला. चित्रांची पाकिटं बघून तो खूश झाला, मामाला म्हणाला, पोरगी हुशार आहे. मालकांनी स्वतः मोर शोधून उघडला आणि तेही खूश झाले. टोपलीकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मास्तर स्टुलावर बसून होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. वाचवलं मी यांना.

चार वाजता मास्तर उठले. पेन्सिलीला टोक केलं, ती वहीत ठेवली आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. उरलेले ग्राफ आता तुला वाचता येतात, म्हणाले. एकसष्ट उरले होते, आणि खरंच येत होते मला, चार महिन्यांत शिकले होते. जिन्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "रात्रीची जेवत जा, अम्मा." खाली जाऊन त्यांनी मालकांना सांगितलं की डोळे गेलेत, उद्यापासून येत नाही. मालक हळहळले, चादर आणि नारळ द्यायचं ठरलं. चादर मोराचीच दिली, कारखान्याची, विकायची.

खुर्ची गेली ती गेलीच. आणि गेली ती मालकांमुळे नाही, भाच्यामुळेही नाही. ते स्वतः उठून गेले होते, आणि का, ते मला कळत नव्हतं. पुढचे एकसष्ट ग्राफ मी एकटीनेच भरले, मनातल्या मनात वाचत. तीन पांढरी, दोन लाल. दुपारी झोप आली तरी मी डोकं टेकवत नव्हते.

संक्रांतीला शरणप्पा तिळगूळ द्यायला वर आला. पाच मिनिटं टेकला. पडद्याच्या कोपऱ्यातली टोपली बघून म्हणाला, "ही आपली टोपली ना? मास्तर सांगत होते. यंदाची चादर मशीनवर जमवतोय म्हणाले, एकेका ग्राफचा एकेक तुकडा. खालच्या टोपलीतलं सूत वापरायचं आणि नक्षी या टोपलीतली. झाली का?"

मी विचारलं, "ती चादर असते कुणासाठी?"

"तुला नाही सांगितलं? ज्याच्या पाठीमागे घर नाही त्याच्यासाठी. मी इंडीहून घरच्यांशी भांडून आलो, त्या वर्षी मला दिली. टोपली ओतली होती मी, तरी मलाच दिली. अजून हाय माझ्याकडे." मग तो तिळगुळाची पुडी ठेवत म्हणाला, "यंदा तुझी पाळी होती की."

तो गेला. काल रात्री जेवलीस का, विचारणाऱ्या माणसाने मी झोपलेली असताना मोराची मान कापून घेतली होती, कमळाच्या चार पाकळ्या घेतल्या होत्या. कारखान्याच्या चालीप्रमाणे, पुढे लागतील म्हणून, टोपलीत ठेवल्या होत्या. आणि टोपली कोणी ओतली, हे त्यांनी रागाने विचारलंच नव्हतं. ज्यानं ओतली त्यानं भरायची, आणि तो भरेपर्यंत मास्तरनं शेजारी बसायचं. मूळ ग्राफ जागेवर होते. मी फक्त, टोपली मी ओतली, एवढं म्हणायला हवं होतं. ते हसले असते, खुर्ची पुढे ओढली असती, आणि त्रेसष्ट तुकडे पुन्हा कापायला आम्हाला आख्खा उन्हाळा लागला असता. ज्या दिवसांसाठी मी खोटं बोलले, ते दिवस ते माझ्या पुढ्यात ठेवून बसले होते.

पुढच्या रविवारी बूथवर न जाता मी साखर पेठेत त्यांच्या घरी गेले. मनाशी वाक्य ठरवून गेले होते, एवढंसं, तीन शब्दांचं. मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखलं. सुनेने चहा दिला. भिवंडीच्या दुसऱ्या मुलाकडे निघालोय, मास्तर म्हणाले, परवाच्या गाडीने. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मशीन अजून ओतते का आपोआप?"

तीन शब्द. जिभेवर होते.

"नाही," मी म्हटलं. "आता दुरुस्त केली."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले. "आपण इतकं जमवायचं, आणि त्याला दोष द्यायला माणूसपण नाही समोर. हे काय खरं नाही."

पत्ता मागायचं मला सुचलं नाही. म्हणजे सुचलं, धीर झाला नाही. मार्चमध्ये मला पुण्यात नोकरी लागली. काही वर्षांनी शरणप्पाला फोन केला, तर म्हणाला मास्तर गेले, दोन पावसाळे झाले. आण्णा पुढे बोलायला लागले, पण तोवर बोलायचं काय ते दोघांनाही उरलं नव्हतं. लग्न केलं नाही. राहून गेलं म्हणा.

कारखाना सोडताना मी त्या कॉम्प्युटरमधली चित्रं तेवढी फ्लॉपीवर घेतली होती. त्यानंतर किती मशीनं बदलली, पण प्रत्येकावर मी पहिलं काम तेच करते. कचरापेटी काढते आणि टोपली बसवते. मशीन अद्ययावत झालं की कधी कधी ती जाऊन पुन्हा काचेची पेटी येते. मग मी पुन्हा बसवते. मोठ्या पडद्यांवर ती बत्तीस घरांची टोपली फाटक्या कडांची दिसते. ऑफिसातली पोरं विचारतात, मॅडम, हे काय जुनंपुराणं?

गेल्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली, त्यात माझी नोकरी संपली. आता वेळ आहे. गणिताची ती वही समोर ठेवून मी एकेक तुकडा आठवते, घराघराने भरते आणि ओढून टोपलीत टाकते. मोराची मान झाली, कमळाच्या पाकळ्या झाल्या. बाकीचे एकसष्ट मी बघितलेच नव्हते, म्हणून मास्तरांनी काय घेतलं असतं याचा अंदाज करते. त्रेसष्टातले एकोणीस झालेत. बाजूला एक खुर्ची ओढून ठेवलेली असते. दुपारी जेवण झालं की मोठ्याने वाचत बसते, तीन पांढरी, दोन लाल, एक पांढरं.